अण्णांच्या शुश्रूषा केंद्राचा महिन्याचा खर्च कुठून उभा करावा? (सांगली)

सांगलीची लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता निर्णय लांबवता येणार नाही म्हणून सगळं मोकळेपणानं मांडते.

आमचे अण्णा, वय ८२. साखर कारखान्यात टाइमकीपर होते. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आई नाही. विश्रामबागेतल्या घरात अण्णा आणि दिवसपाळीची मावशी असतात, रात्री मी किंवा माझे मिस्टर तिकडं झोपायला जातो. दोन भाऊ, एक पुण्यात, एक बडोद्याला. अलीकडं विस्मरण सुरू झालंय. माणसं ओळखतात, पैशाचं बोललेलं नीट कळतं, पण संध्याकाळ झाली की गोंधळतात आणि रात्री एकटेच उठायला बघतात. दोनदा पडले. माझी नोकरी आहे, घरी सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत.

मिरजेजवळचं एक शुश्रूषा केंद्र पाहून आलो. स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ वाटली. सगळं धरून महिना २८ हजारांच्या घरात जाईल.

अण्णांचं म्हणाल तर: कारखान्याच्या नोकरीची ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन २,१०० रुपये. बँकेत १४ लाखांच्या ठेवी. राहतं घर त्यांनी स्वतः बांधलेलं, त्यांच्याच नावावर. तासगावकडं दीड एकर, फाळ्यानं दिलीय, वर्षाला ४० हजार येतात.

मोठा भाऊ म्हणतो घर विकून टाकू. धाकटा म्हणतो ठेवींना हात लावायचा नाही, आपण तिघं मिळून भरू. ते बोलायला सोपं आहे, पण किती वर्षं भरायचं हे कुणालाच माहीत नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कसं केलं ते सांगा. शासनाकडून काही मिळतं का, मेडिक्लेम चालतो का, तेही.

माणगंगा

ताई, आधी धीर धरा. २८ हजारांत काय काय येतं ते लेखी घेतलंय का? केंद्रवाले तोंडी सांगतात तो आकडा आणि पहिल्या महिन्याचं बिल यात फरक पडतो.

मिरजेची सिस्टर

माणगंगा बरोबर बोलले. मी अशा केंद्रात काही वर्षं काम केलंय, म्हणून बिल कसं बनतं ते सांगते.

मूळ रकमेत सहसा खाट, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, अंघोळ, कपडे धुणं आणि पाळीची मावशी येते. बाहेरचं म्हणजे डायपर, अंडरपॅड, औषधं, डॉक्टरांची व्हिजिट, फिजिओथेरपी, ड्रेसिंग, लघवीची किंवा नाकातली नळी बदलणं, रुग्णवाहिका. डायपर दिवसाला तीन धरा, म्हणजे तेवढ्याचेच महिन्याला तीन हजार होतात. मिरजेत औषधांच्या होलसेल दुकानातून पेटी घेऊन दिली तर चांगली बचत होते. मात्र बाहेरून आणलेलं चालेल का हे दाखल करण्याआधी विचारा.

अनामत किती आणि त्यातली परत किती हे कागदावर घ्या. पेशंट दवाखान्यात हलवला तर त्या दिवसांचे पैसे कापून घेतात की नाही? दरवर्षी किती वाढ करतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाटेवर पडून राहावं लागलं तर दर बदलतो का? आज अण्णा आधार घेऊन खुर्चीत बसतात. उद्या पूर्ण झोपून राहिले तर बरीच केंद्रं वेगळा दर लावतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते, ती आपण विकत आणलेली स्वस्त पडते, केंद्राचं भाडं महाग.

मेडिक्लेमबद्दल: रोजच्या शुश्रूषेचा खर्च तो देत नाही. विश्रांती, पुनर्वसन, सांभाळ यासाठीची भरती वगळलेली आहे असं पॉलिसीत स्पष्ट छापलेलं असतं. दवाखान्यात उपचारासाठी भरती झाली तरच क्लेम.

कृष्णाकाठ

त्याला जोडून. अण्णा सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवाच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर होतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत भरतीचा खर्च. केंद्राचं भाडं यातून निघणार नाही, पण न्यूमोनिया झाला किंवा खुब्याचं हाड मोडलं तर केंद्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे वाचतात. आमच्या मामांच्या बाबतीत असंच झालं. दोन वर्षांची तजवीज एका भरतीत संपली असती.

अजिंक्यतारा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या माणसानं घर बांधलं त्यालाच घराबाहेर काढायचं, हे मला पटत नाही. आमच्या साताऱ्यात अजून म्हातारी माणसं घरीच जातात. दोन मावश्या लावा, २८ हजारांत घरीच होईल.

कराडची वहिनी

@अजिंक्यतारा, भाऊजी, भावना समजते, पण हिशेब चुकतोय. ब्यूरोची मावशी १२ तासांना ७०० रुपये घेते. दोन पाळ्यांचे दिवसाला १,४००, महिन्याला ४२ हजार. त्यावर तिचं जेवणखाण, डायपर, औषधं, लाइट बिल. मावशी दिवाळीला गावी गेली, तिचा मुलगा आजारी पडला, ब्यूरोनं पाठवलेली दुसरी दोन दिवसांत निघून गेली, की घरची बाई रजा टाकून उभी. ती नेहमी सून किंवा मुलगीच असते, हे इथल्या बायकांना सांगायला नको.

मी सासूबाईंना घरी सांभाळलं. त्या वजनानं भारी होत्या. कूस बदलायला दोन माणसं लागायची आणि घरात दिवसा मी एकटी. चादर ओली झाली की आधी एका अंगाला वळवून जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी अर्धी पसरायची, मग दुसऱ्या अंगाला. माझी कंबर गेली आणि त्यांच्या पाठीला जखम झाली ती झालीच. केंद्रात नेल्यावर ती भरली. शेवटचे महिने त्या स्वच्छ अंथरुणात होत्या आणि मी रोज संध्याकाळी तासभर हात धरून बसायची. घरी असताना हात धरायलाही सवड नव्हती. ताई, तुम्ही जीव जाळू नका.

अजिंक्यतारा

वहिनी, ४२ हजारांचा आकडा माझ्या डोक्यात नव्हता. माझं म्हणणं एवढंच, अण्णांना विचारलंय का? त्यांना व्यवहार कळतोय असं ताईंनीच लिहिलंय.

सांगलीची लेक

विचारलं. एकदा घेऊन गेले होते. म्हणाले, "जेवण कसं आहे बघू, मग सांगतो." तिथं भाकरी मिळते हे कळल्यावर थोडे सैल झाले.

भडंगवाला

माझे आजोबा केंद्रात जायला तयारच नव्हते. आठवड्याभरात चार जण गोळा करून तीनशे चारचा डाव बसवला आणि आम्ही भेटायला गेलो की "लवकर आटपा, डाव खोळंबलाय" म्हणायचे. अण्णांना पत्ते येत असतील तर जोड देऊन पाठवा.

पोस्टातून निवृत्त

आता आकड्यांकडं येऊ. ताईंनी माहिती व्यवस्थित दिल्यामुळं मांडणी सोपी आहे.

धाकटे बंधू ठेवींना हात लावायचा नाही म्हणतात. हात लावू नका, पण जागा बदला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर सध्या ८.२ टक्के आहे आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. कमाल ३० लाख ठेवता येतात. १४ पैकी २ लाख बचत खात्यात किंवा छोट्या ठेवीत अडीअडचणीला ठेवा, कारण दवाखाना वेळ बघून येत नाही. १२ लाख योजनेत टाकले तर वर्षाला ९८,४०० व्याज, म्हणजे दर तिमाहीला २४,६००. महिन्याला ८,२०० पडले. व्याज तिमाहीला येतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांची सोय आधी हवी. दर महिन्याला हवं असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे, तिचा दर ७.४ टक्के आणि एका नावावर ९ लाखांची मर्यादा. माझं मत पहिलीच्या बाजूनं.

आता बेरीज करा. पेन्शन २,१००. व्याज ८,२००. फाळा ४० हजार म्हणजे महिन्याला ३,३००. अण्णा केंद्रात गेले की विश्रामबागेतलं घर रिकामं होणार, त्याचं भाडं ९ हजार तरी येईलच. झाले २२,६००. कमी पडतात साधारण साडेपाच हजार. तिघांत वाटले तर माणशी दोन हजारांच्या आत. घर विकायची गरज आज नाही.

सध्याच्या ठेवी मुदतीआधी मोडल्या तर बँक व्याज कापते. ज्यांची मुदत जवळ आहे त्या संपू द्या आणि तशा वळवा. बँकेत टीडीएस (व्याजातूनच कापला जाणारा कर) न कापण्याचा फॉर्म भरून द्या, अण्णांचं उत्पन्न पाहता तो कापायचं कारण नाही.

सांगलीची लेक

काका, हे कागदावर लिहून भावांना पाठवलं. मोठ्या भावाचा लगेच फोन आला की घराला भाडेकरू ठेवला आणि तो निघाला नाही तर काय? आणि कुणीतरी त्याला रिव्हर्स मॉर्गेज सुचवलंय. बँक दरमहा पैसे देते, घर आपलंच राहतं. ते कसं वाटतं?

शाखाधिकारी नाना

बँकेत आयुष्य गेलं म्हणून सांगतो. रिव्हर्स मॉर्गेज चांगली योजना आहे, पण अण्णांसाठी नाही. ६० वर्षांवरच्या माणसानं स्वतःच्या मालकीचं, स्वतः राहतं घर तारण द्यायचं आणि बँकेनं त्याला हप्त्यानं पैसे द्यायचे, अशी रचना. हप्ते २० वर्षांपर्यंत मिळू शकतात, जिवंत असेतो फेड नाही. पण राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या नियमात एक मेख आहे. कर्जदार घर सोडून कायमचा शुश्रूषा केंद्रात किंवा नातेवाइकांकडं राहायला गेला की कर्ज वसुलीला पात्र होतं. सलग वर्षभर घरात कुणी कर्जदार राहिला नाही तर तेही कायमचं जाणंच धरतात. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे हवेत त्याच कारणानं योजना बंद पडते. नवराबायको दोघं कर्जदार असतील आणि एक जण घरात राहणार असेल तर जमतं. वडिलोपार्जित सामाईक वाड्यावर किंवा शेतीवर बँक विचारही करत नाही.

भाडेकरूची भीती असेल तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करून घ्या. तोंडी भाडेकरू नको. भाडं थेट अण्णांच्या खात्यात.

राजवाडा चौकातली वकील

नानांनी अण्णांचं खातं म्हटलं तिथंच मला बोलायचंय, कारण या धाग्यातली सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे. ताई, अण्णांना आज व्यवहार कळतो. हा काळ हातातून जाऊ देऊ नका.

लोक म्हणतात मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही. कायदा तसा नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याची बुद्धी व्यवहाराला सक्षम राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं. जेव्हा खरी गरज पडते नेमकं तेव्हाच ते निरुपयोगी होतं. त्यानंतर ठेव मोडायची, घर भाड्यानं द्यायचं, विकायचं, काहीही करायचं तर उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सगळ्या वारसांची संमती, खर्च आणि वेळ. एक बरं झालं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा-सांगली त्याच्या कक्षेत येतात. मुंबईच्या खेपा वाचल्या. तरीही ती वेळ येऊ देऊ नये.

म्हणून आत्ताच, डॉक्टरांकडून अण्णांना समजतं असं लेखी घेऊन: एक, बँक खातं तुमच्यासोबत संयुक्त करा, "दोघांपैकी कुणीही" या अटीवर. ज्येष्ठ नागरिक योजनेत मात्र संयुक्त नाव फक्त जोडीदाराचं चालतं, म्हणून तिचं व्याज या संयुक्त खात्यातच येईल असं बघा. दोन, सगळीकडं वारस नोंद तपासा. तीन, भाडेकरार अण्णांनीच करून द्यावा. चार, मृत्युपत्र करायचं असेल तर आता.

हळदीची पेठ

उजवा हात गेलाय, सही कशी करणार?

शाखाधिकारी नाना

अंगठा चालतो. आजारी आणि अपंग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियमच आहेत. अंगठा किंवा पायाचा अंगठासुद्धा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी स्वतः शाई आणि फॉर्म घेऊन खातेदारांच्या घरी गेलोय. काउंटरवरचा मुलगा नाही म्हणाला तर थेट शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यायची आहे असं त्यांना आठवण करून द्यावी लागते एवढंच.

ढेबेवाडी

माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथंच विचारतो. आमच्या आत्याला मूलबाळ नाही, नवरा वारला. सासरच्या पुतण्यांनी तिच्याकडून घर आणि रान लिहून घेतलं, "आम्ही सांभाळतो" म्हणून. आता ती आमच्या ओसरीवर आहे. केंद्राचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. तिच्याजवळ ना ठेव ना पेन्शन.

राजवाडा चौकातली वकील

ढेबेवाडी, आत्याच्या हातात बरंच आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७. प्रांताधिकाऱ्यांकडं न्यायाधिकरण असतं. अर्ज साध्या कागदावर करता येतो, वकील लागत नाही. तिला जमत नसेल तर तिनं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा अशी तरतूद आहे, दरम्यान अंतरिम रक्कमही मागता येते.

मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला सांभाळायची जबाबदारी त्याची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा वारसानं ज्यांना मिळणार आहे त्या नातेवाइकांवर येते. म्हणजे पुतणे "आम्ही मुलं नाही" म्हणून सुटत नाहीत. निर्वाहाची रक्कम महिन्याला कमाल १० हजार.

आणि कलम २३. सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवून ताबा परत देण्याचा आदेश दिला. आत्याचा दस्त घेऊन या, वाचून सांगते.

इतरांनाही सांगते, मुलाच्या नावावर घर करायचंच असेल तर "हयातीत सांभाळ, औषधोपचार आणि निवास" ही अट दस्तात शब्दशः घाला. दस्तलेखक म्हणतो गरज नाही. गरज आहे.

खटावचा

आत्याबाईंसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. ६५ वर्षांवर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर महिन्याला १,५०० मिळतात. ६५ च्या आतल्या निराधारांना संजय गांधी निराधार योजना. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडं आत्याबाईंची वस्तुस्थिती नीट मांडा. पंधराशेत केंद्र होत नाही, पण डायपर-औषधाला हातभार लागतो. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे, तिथं विनामूल्य किंवा अल्प दरात ठेवून घेणाऱ्या संस्थांची माहिती विचारा.

सुभेदार (निवृत्त)

आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी, त्यामुळं हे लिहितो. माजी सैनिक किंवा त्यांच्या पत्नी असतील तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे का बघा. पॉलिक्लिनिकमधून औषधं मिळतात, संलग्न दवाखान्यात भरती होते. केंद्राचं भाडं तेही देत नाही, पण औषधाचा खर्च कमी होतो आणि आजारी म्हाताऱ्या माणसाचा निम्मा पैसा औषधातच जातो. केंद्र सरकारच्या आणि सैन्याच्या पेन्शनमध्ये ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. कुटुंब निवृत्तिवेतनालाही ती लागू आहे. गावात किती तरी वीरपत्नी आणि फौजींच्या विधवा अशा आहेत की बँकेत जन्मतारीख चुकीची आहे किंवा नोंदच नाही, म्हणून वाढ मिळालेली नाही. सैनिक कल्याण कार्यालयात जा, कागद दाखवा. ज्यानं सीमेवर आयुष्य घालवलं त्याच्या बायकोनं हक्काच्या पैशासाठी हात पसरू नये.

कराडची वहिनी

सुभेदार काका, तुमच्या या ओळींमुळं आमच्या शेजारच्या काकूंचं पासबुक काढून बघते. त्या ८३ च्या आहेत.

पगारदार पोरगा

इन्कम टॅक्समध्ये काही मिळतं का? वडिलांचा खर्च मीच करतो.

पोस्टातून निवृत्त

जुन्या करप्रणालीत असाल तरच. वडिलांना मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चाची वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट, मात्र पैसे रोखीनं दिलेले नसावेत. वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि सिव्हिल हॉस्पिटलमधून ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं असेल तर ७५ हजारांची सरसकट वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. अर्धांगवायूच्या पेशंटनं ते प्रमाणपत्र काढावंच. नव्या करप्रणालीत यातलं काही नाही, तेव्हा दोन्हीकडून कर काढून बघा.

आणि एक. तुमच्याकडं जास्तीचे पैसे असतील तर ते वडिलांना देऊन त्यांच्या नावानं ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवता येतात. व्याज त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, तुमच्या नाही. मात्र ती रक्कम पुढं वारसांत वाटली जाईल हे भावंडांनी आधी ठरवून घ्या.

कृष्णाकाठ

भावंडांवरून आठवलं. ताई, भाऊ तुम्हाला "तू जवळ आहेस, तू बघ" म्हणून खर्चातून सूट देतात की तुमच्याकडून सारखाच वाटा घेतात? नाजूक प्रश्न आहे, नको असेल तर उत्तर देऊ नका.

सांगलीची लेक

नाजूक आहेच. आई गेल्यावर तिच्या नावच्या रानाचं हक्कसोडपत्र मी करून दिलं होतं, आनंदानं. आता धाकटा म्हणतो तीन सारखे वाटे. मला दोन हजार जड नाहीत. पण रात्रीचं जागणं, डॉक्टर, केंद्रात धावपळ हे वाट्यात कुठंच नाही.

कराडची वहिनी

ते वाट्यात धरायचंच. आमच्यात दिरांनी स्वतःहून ठरवलं की जो गावात राहून बघतो त्यानं पैसे द्यायचे नाहीत. लेखी ठेवलं म्हणून कटुता आली नाही.

माणगंगा

मला हे पटत नाही. कायद्यानं मुलगा-मुलगी दोघांचीही जबाबदारी सारखी. पैशाचा वाटा सारखाच ठेवा, पण धावपळीचा खर्च, पेट्रोल, रजेचं नुकसान अण्णांच्या खात्यातून द्या. मुलीनं पैसे दिले नाहीत तर उद्या हक्काचं बोलताना तेच काढतात, आमच्या घरात काढलंय.

राजवाडा चौकातली वकील

माणगंगांच्या बाजूनं. आणि आईच्या जमिनीचं हक्कसोडपत्र केलं म्हणून अण्णांच्या घरातला तुमचा वारसाहक्क जात नाही. तो वेगळा आहे. आत्ता भांडायचं नाही, फक्त मनात स्वच्छ असू द्या.

अजिंक्यतारा

ताई, मी सुरुवातीला वेगळं बोललो होतो, पण हे सगळं वाचून एक सांगतो. अण्णांचं घर आणि ठेवी आधी अण्णांसाठी. वारसांनी राखून ठेवायची ती दौलत नाही. त्यांनी कमावली, त्यांच्या अंथरुणाला आणि औषधाला लागू द्या. उरलं तर वाटून घ्या.

सांगलीची लेक

अपडेट देते. रविवारी दोघं भाऊ आले होते. पोस्टातल्या काकांचा कागद मध्ये ठेवूनच बोललो. घर विकायचं नाही, ओळखीतल्या एका शिक्षक जोडप्याला नोंदणी करारानं देणार. ठेवी मुदत संपेल तशा वळवायच्या. कमी पडेल ते तिघांनी समान, आणि माझा जाण्यायेण्याचा खर्च अण्णांच्या खात्यातून. महिन्याचा जमाखर्च मी एका वहीत लिहून फोटो तिघांच्या ग्रुपवर टाकणार. बँकेचे अधिकारी घरी येऊन अण्णांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन गेले. अण्णांनी त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही आणि ठेवीचा दर किती हे दोनदा विचारलं.

केंद्राच्या करारात सिस्टरनं सांगितलेले प्रश्न विचारून अनामत परतीचं आणि खाटेवरच्या दराचं लिहून घेतलं. खाटेवर गेले तर ५ हजार जास्त. ते दोन लाख त्यासाठीच बाजूला आहेत.

एक राहिलं. अण्णांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन देत होतो. आता केंद्रातून कसं करायचं?

शाखाधिकारी नाना

ईपीएस पेन्शनला नोव्हेंबरचीच अट नाही. वर्षात कधीही दाखला द्या, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या, अण्णांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला की केंद्रातूनच होतं. पेन्शन पेमेंट ऑर्डरचा नंबर, आधार आणि मोबाइल हाताशी ठेवा. सकाळी नाश्त्यानंतर, उजेडात, खिडकीजवळ बसवून करा. संध्याकाळी ते गोंधळतात असं तुम्हीच लिहिलंय. डोळे मिचकावायला सांगतात, तेवढं त्यांना आधी समजावून ठेवा. नाहीच जमलं तर पोस्टमन घरपोच येऊन अंगठ्यावर करतो. पूर्वी ७० रुपये घ्यायचे, ईपीएस पेन्शनरांना नोव्हेंबर २०२५ पासून मोफत आहे.

पोस्टातून निवृत्त

दाखल्याची पावती मागून घ्या आणि तारीख वहीत लिहा.